वांगी देण्याआधी

पापडी गावच्या बाजारात बसणाऱ्या, वटार गावाहून येणाऱ्या भाजीवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या सकाळी केळ्यांच्या फणीला मोबाइल टेकवून ती आशियाई स्पर्धेतली कराटेची लढत बघत होती. आपली भारताची मुलगी हरली.

“संपलं मावशी, वांगी द्या,” मी म्हणालो.

“थांबा ओ! अजून दोघी वाकल्या कुठं?”

खेळाडू एकमेकींसमोर वाकल्या, तशी हिनेही मान लववली आणि मगच तराजू उचलला.

शाळेच्या कराटे स्पर्धेत माझी लेक हरली, तेव्हा वाकून नमस्कार करायच्या आतच मी तिला रागाने मॅटवरून ओढून नेलं होतं. ती पुन्हा खेळली नाही.

घरी येऊन मी तिची माफी मागितली आणि तिच्यासमोर वाकलो.

“बाबा, पाठ सरळ,” ती हसून म्हणाली, आणि वाकली.