दवाखान्यातला भाऊ

दिवाळी संपली की सोलापुरात स्वेटरवाले येतात. मैदानावर ओळीने त्यांची दुकानं लागतात. लोक त्यांना नेपाळी म्हणतात, पण ती माणसं तिबेटी. त्यांतली एक बाई गेले सहा हिवाळे आमच्या वरच्या खोलीत तीन-तीन महिने राहते. खोली दहा बाय बारा, त्यातली निम्मी जागा गठ्ठ्यांची. पहिल्या वर्षी ते गठ्ठे वर चढताना पाहून माझा नवरा म्हणाला होता, "सोलापुरात स्वेटर? ही बाई मंगळवेढ्यात नेऊन ज्वारी विकेल." पण पारा पंधरावर आला की इथली माणसं कानटोपी शोधायला लागतात, हे तिला आमच्याहून नीट माहीत होतं. जाताना तिचे गठ्ठे नेहमी कमीच असत.

ती माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढल्यामुळे कन्नड तिला आईच्या भाषेइतकी येते. माझं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं. त्यामुळे आमचं बोलणं निम्मं कन्नडात, निम्मं मराठीत. मला ती अक्का म्हणते. मराठी मात्र तिने बाजारातच उचललेली, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती अगदी इथल्यासारखी दटावते, "बाहेर कुटं बी बघून या की. आसला माल मिळायचा न्हाय."

सात वर्षांची असताना मामाबरोबर ती डोंगर ओलांडून भारतात आली. आई तिकडेच राहिली. धाकटा भाऊ तर ती निघून आल्यावर जन्मला. भावाला तिने कधी हात लावलेला नाही, पाहिलाय तो फक्त मोबाइलवर. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आईचा फोन येई. जिन्यात बसून ती बोले. मी तिथेच कपडे वाळत घालत असले, तर आई काय म्हणाली ते मला सांगे. गुडघे दुखतात, याकला वासरू झालं, असलंच काहीतरी.

मागच्या हिवाळ्यात आल्या आल्या ती म्हणाली, "अक्का, भाऊ दवाखान्यात हाय."

मला अर्धवट माहिती चालत नाही. मी विचारलं, "कधीपासून? झालंय काय? डॉक्टर काय म्हणतात?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने? मग आजाराचं नाव तरी सांगितलं असेल की!"

ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आजाराचं नाव गाणं."

मला काहीच उमगलं नाही. मग ती शेजारी बसली आणि सगळं नीट सांगितलं. फोन ऐकले जातात, म्हणून तिकडे तुरुंगाला दवाखाना म्हणतात. पोलीस म्हणजे डॉक्टर. भावाने आपल्या देशावर एक गाणं केलं होतं आणि ते एका लग्नात म्हटलं होतं. त्या रात्री त्याला घेऊन गेले, त्याला कुठे ठेवलंय हेही अजून घरच्यांना सांगितलेलं नाही. मी तोवर त्याच्या बिलाला हातभार कसा लावता येईल याचा विचार करत बसले होते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. तिबेटी कैद्यांसाठी गावात छोटी सभा घेणाऱ्या मंडळींपैकी ते एक. डिसेंबरात भावाचं ऐकून ते घरी आले. बऱ्याच देशांत एकाच दिवशी लोक कैद्यांचे फोटो हातात धरून उभे राहतात, सोलापुरातही तसंच करायचं, भावाचा फोटो मिळेल का, असं त्यांनी तिला विचारलं.

"फोटो दिला तर त्याला मारतील," ती म्हणाली.

"नाही दिला तर मारणार नाहीत?" सर हळूच म्हणाले. "बाई, ज्याचं नाव बाहेर कुणाला माहीत नाही, तो गेला तर जाब कोण विचारणार? एकतीस साली आपल्या सोलापूरचे चौघे फासावर गेले. बाहेरच्या जगात त्यांची नावं तेव्हा कुणाला माहीत होती?"

माझा नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "सर, माहीत असती तर इंग्रजांनी सोडलं असतं होय?"

चहा पिऊन सर उठले. फोटो द्यायचा की नाही, हे तिच्यावर सोडून गेले.

त्याच रविवारी आईच्या फोनमध्ये काहीतरी बदललं होतं. मी दोरीवर चादर टाकत होते. फोन स्पीकरवर होता. मला शब्द कळत नव्हते, पण आईचा आवाज वर्गात धडा वाचणाऱ्या मुलीसारखा येत होता, एकसारखा, न थांबता. मध्येच तिकडे कुणीतरी खाकरलं. बाईचं तोंड उतरलं.

"काय म्हणाली?"

"डॉक्टर म्हणतात, बहीण गप राहिली तर भावाची तब्येत सुधारंल. कुणाला फोटो दाखवू नको." मग ती म्हणाली, "अक्का, फोटोचं मी तिला बोललेच न्हाय."

पुढच्या रविवारी मी काम नसताना जिन्याजवळ थांबले. आई पुन्हा वाचल्यासारखं बोलत होती. बोलता बोलता तिने काहीतरी विचारलं आणि ही एकदम उठून उभी राहिली. कठडा धरून खाली बघायला लागली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आई विचारती, तुमच्या दारातल्या दोन निळ्या पिंपांत पाणी भरलेलं असतं ना? पिंपांचं मी कधी सांगितलं न्हाय, दाखवलं बी न्हाय."

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पिंपं प्रत्येकाच्या दारात असतात. पण आमच्या दारात वर्षानुवर्षं एकच होतं. दुसरं आम्ही पंधरा दिवसांपूर्वी घेतलं होतं. म्हणजे आमच्या घराचा फोटो कुणीतरी या पंधरा दिवसांत काढला होता, आणि तो हिमालयापलीकडे तिच्या आईसमोर ठेवला होता. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला. दुसरा अर्थ निघेना.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी दाराला कडी घातली. मग म्हणाला, "तिला खोली सोडायला सांग. आपल्या घरात लग्नाची मुलगी आहे."

"भाडं जानेवारीअखेरचं घेतलंय."

"परत दे."

"आणि भाडेकरूची माहिती मी पोलिसांत दिली आहे. लपवलेलं काही नाही. तिने काय केलंय ते सांग, मग सांगते तिला जायला."

तो उठून पुन्हा कडी बघून आला. मीही काही फार धीराची नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत अनोळखी मोटरसायकल उभी दिसली की मी तिचा नंबर पाठ करू लागले. भाजीवाला रोजचाच, पण त्याने "घरी कोण कोण असतं?" असं सहज विचारलं, तर मी पिशवी उचलून आत आले. मैदानावर तिच्या शेजारच्या दुकानदारांनीही तिच्याशी बोलणं कमी केलं. त्यांच्याही आया तिकडेच होत्या.

सभेच्या आधीच्या रविवारी आईने दवाखान्याचं कौतुक केलं. बाईने मला ते शब्दाला शब्द सांगितलं. आई म्हणाली होती, "दवाखाना फार चांगला आहे. सेवा इतकी चांगली, की आपल्या खोऱ्यातले जे पाच जण भरती झाले, त्यांतला एकही परत यायचं नाव काढत नाही. त्यातल्या दोघांची तर आता काहीच तक्रार उरलेली नाही."

तिकडे बसलेल्या माणसाला हे कौतुकच वाटलं असावं, कारण त्याने फोन तोडला नाही. बाई गठ्ठ्यांवर बसून राहिली. रडली नाही. मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून भावाचा फोटो काढला. चेहरा गोल, कान थोडे बाहेर आलेले, गळ्यात लांब मानेचं वाद्य.

"गप बसून दोघं गेले," ती म्हणाली. "सरांना दे जा, अक्का."

"तू स्वतः दे," मी म्हटलं. "तुझा भाऊ आहे. मी सोबत येते."

त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ संध्याकाळी सभा झाली. फोटो सोळा, माणसं एकतीस. तिच्या लोकांपैकी चारच आले होते, तेही तोंडाला मफलर गुंडाळून. तिने मफलर बांधला नव्हता. तिने भावाचा फोटो छातीशी धरला आणि पूर्ण वेळ तशीच उभी राहिली. एक मुलगा मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे टिपत होता. तो कुणाकडून आलाय, असं सरांनी विचारलं, तर म्हणाला, "असंच." माझा नवरा रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसून होता. त्याला मी एकतिसांत धरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी इतर देशांतले फोटो दाखवले. कुठे बर्फात, कुठे समुद्राकाठी, ओळखीचा नसलेला कुणीतरी माणूस तिच्या भावाचा चेहरा धरून उभा होता. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तो उलटा धरला होता. तेवढं पाहून ती हसली.

पुढच्या रविवारी फोन आला, तो आईच्या नंबरवरूनच. पण बोलणारा पुरुष होता. स्वच्छ हिंदीत म्हणाला, "सोलापुर में ठंड कैसी है?"

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बहुत है. स्वेटर चाहिए?"

तो हसला. मग म्हणाला, "आपकी माँ की भी तबीयत अब ठीक नहीं रहती." आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला, तर तो नंबर अस्तित्वात नाही असं उत्तर आलं.

आम्ही दोघी जिन्यातच बसून होतो. मला वाटलं, आता ती म्हणेल, फोटो दिला नसता तर बरं झालं असतं. मीही मनात तेच म्हणत होते. खाली कुणीतरी गाडी थांबवली, तशी मी नंबर वाचायला कठड्यावरून वाकले. गॅसवाला होता.

ती उठली, खोलीत गेली आणि मोबाइलवरचा एक फोटो मला दाखवला. व्हिडिओ कॉलमधला, थोडा हललेला. पदरासारखं काहीतरी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी, अर्धा चेहरा अंधारात.

"सरांना फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला. सरांनी आधी फोटोखाली लिहायला नाव विचारलं. तिने आईचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, दोनदा. मग त्यांनी वय विचारलं. ते तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्या वयावरून मागे मोजून पाहिलं, पण आई लग्नाच्या वेळी केवढी होती हेही तिला ठाऊक नव्हतं.

"सत्तर लिहा," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "न्हाय, अडुसष्ट लिहा. दोन वर्षं कमीच धरा की."