खिळ्याने फाटलेला खिसा

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली सरोजकाकूंचं शिलाई मशीन आहे. माझा दिवाळीचा ब्लाउज त्यांच्याकडून संक्रांतीला मिळतो, तोही मी पायरीवर ठाण मांडून बसले तर. तरी मी दुसरीकडे जात नाही. नुसतं कापड बघून माणसाची कुंडली मांडणारी बाई दुसरीकडे कुठे मिळणार? काखेत उसवलं की त्या सरळ सांगतात, वजन वाढलंय तुझं. तेही चारचौघींसमोर.

तिसऱ्या मजल्यावरच्या चित्राचा अद्वय सहावीत आहे. गेल्या जूनपासून त्याच्या शर्टाचा खिसा दर पंधरा दिवसांनी फाटून यायला लागला. विचारलं की म्हणायचा, बाकाच्या खिळ्याला अडकला. चित्राला वाटलं, पोरगं मारामाऱ्या करतं आणि वर खोटंही बोलतं. तिने दोनदा धपाटे घातले. शेवटी ठरवून टाकलं की दिवाळीनंतर याला कराडला मामाकडे ठेवायचं. अद्वय साधं 'नको'सुद्धा म्हणाला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी माझ्या ब्लाउजच्या काळजीत.

काकूंना मात्र खटकलं. खिळा कापड काटकोनात फाडतो, आणि इथे तर खिसा वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघालेला. पण चित्रा घाईत होती. चांगली दुहेरी शिलाई मारा म्हणाली, काकूंनी मारली. पुढच्या आठवड्यात खिसा शाबूत राहिला, पण त्याच्यासकट छातीवरचं कापडच फाटून आलं. पोराच्या छातीवर लाल ओरखडा.

तो शर्ट मांडीवर घेऊन काकूंनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"माझ्या शिलाईपायी जास्त लागलं गं त्याला," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग चित्राला खाली बोलावून समजावलं, की हा खिसा खिळ्याला अडकून नाही, कोणीतरी हाताने ओढून फाटलाय. चित्रा आधी भडकली, मग तोच शर्ट हातात घेऊन रडली.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. मीही गेले, कारण असला सिनेमा मी चुकवत नाही. मुख्याध्यापिका भल्या होत्या, पण त्यांचं म्हणणं, मुलं म्हटली की मस्ती चालायचीच, आणि अद्वयची स्वतःची काही तक्रार नाही. काकूंनी पिशवीतून दुसरा शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्याही खिशाला तशीच दुहेरी शिलाई होती.

"बाई, हा खिसा जरा ओढून काढून दाखवा."

बाईंनी हसत हसत ओढला. मग उभं राहून ओढला. खिसा जागचा हलेना.

"एकट्याच्या हाताने नाही निघत तो," काकू म्हणाल्या. "दोघं-तिघं लागतात. आणि आमचं पोर तिथे एकटं असतं."

बाईंचं हसू मावळलं. आणि मग त्यांनी मनावर घेतलं ते अगदी मनापासून. आठवडाभर त्या मधल्या सुट्टीत स्वतः फिरल्या आणि पाण्याच्या टाकीमागे आठवीतली तिघं त्यांना सापडली. आपल्यापेक्षा लहान कोणी एकटं दिसलं की त्याचा खिसा ओढायचा, हा त्यांचा खेळ. त्यांच्या आईवडिलांना बोलावलं, अद्वयची माफी मागायला लावली. आता त्या टाकीपाशी रोज एक शिक्षिका उभ्या असतात, आणि वर्गशिक्षक प्रार्थनेच्या वेळी नुसते केस-नखं नाही, फाटलेले शर्टही बघतात. कराडचं नाव चित्राने पुन्हा काढलं नाही.

परवा मी नेहमीप्रमाणे पायरीवर धरणं धरून बसले होते. काकूंनी अखेर माझा ब्लाउज मशीनवर घेतला, आणि तेवढ्यात अद्वय आला. गुडघ्यावर पँट टराटरा फाटलेली, पायाला माती. काकूंनी ब्लाउज बाजूला सारला आणि चष्मा पुसून गुडघा बघायला घेतला.

"कबड्डी, काकू. सूरजने पाय धरलेला माझा, तरी मी लाइनला हात लावला," अद्वय म्हणाला आणि तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. कोण आउट झालं, कोणी चीटिंग केली, सरांनी शिट्टी कधी वाजवली.

चित्रा वरून ओरडतच उतरली. नवी कोरी पँट होती. काकूंनी तिला हातानेच थांबवलं.

"ओरडू नकोस गं. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं. आपणहून सांगतोय तो."

चित्रा माझ्या शेजारी बसली, आणि अद्वयने तिच्यासाठी मॅच पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.