पहिल्या पिकाची बोली

रविवारची उपासना संपली की आमच्या व्हरांड्यात चहा होतो. आणि चहाबरोबर एखादी तरुण आई हमखास डोळे पुसते. "काय करू हो बाई, पोर ऐकतच नाही!" असं म्हणाली की मी कप खाली ठेवते. बाकीच्या एकमेकींकडे बघतात. आता रूथचे किस्से सुरू होणार!

होणारच! आमच्या ह्यांच्या पेटीत आयुष्यभराची प्रवचनं साठली, माझ्याकडे एका पोरीचे किस्से. त्यांची प्रवचनं दुसऱ्यांदा सांगा म्हणून आजवर कुणी आलं नाही. माझे किस्से मात्र लोक घरी येऊन मागतात.

सगळे एकाच वर्षातले आहेत. सोलापूर तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि दवाखान्यात जायचं तर टांगा. आमचे हे मिशनचे उपदेशक. कधी मंगळवेढ्याकडे, कधी मैंदर्गीकडे, महिना महिना फिरतीवर. घरी मी, दीड वर्षाचा धाकटा, त्याचे दात येत होते, आणि सात वर्षांची रूथ. वांड! दुसरा शब्द नाही.

आमच्या मंडळीचे मुख्य पंच होते शामराव. रिटायर्ड मास्तर, डोक्याला रुमाल, खिशात वही. कुणाचं पोर उपासनेत हसलं, कुणाचं झोपलं, सगळं त्या वहीत. ते मला एकदा म्हणाले, "बाई, उपदेशकाचं घर म्हणजे मंडळीचा आरसा. हिला शिस्त लागत नसेल तर जूनपासून नगरकडच्या बोर्डिंगात टाका."

मला माझी पोर घरीच हवी होती. पण मीच आई म्हणून कमी पडते, हे मला मनातून पटलेलं होतं. ते कुणाला सांगणार?

* * *

पहिला किस्सा देवळातलाच.

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असायची. त्या दिवशी आजारी लोक झाले, विधवा झाल्या, सरकार झालं, पाऊसपाणी झालं. आता साहेब समुद्रापलीकडच्या मंडळ्यांकडे वळणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "आमेन!"

असा खणखणीत आमेन, की मागच्या सतरंजीवरच्या सगळ्यांनी "आमेन" म्हटलं, उठले, आणि दारात चपला शोधायला लागले! साहेब डोळे मिटून बोलतायत आणि अर्धी मंडळी बाहेर!

शामरावांनी वही काढली. मी रूथचा दंड धरून तिला ओढतच बाहेर आणलं. कान धरायला हात उचलला, तर समोर एक म्हातारा शेतकरी. मंगळवेढ्याहून गाडी जुंपून आलेला. ना ओळख ना पाळख. मला म्हणाला, "बाई, मारू नगा. लई अकलेची पोर हाय."

"अकलेची? अहो, प्रार्थना मोडली तिनं!"

"व्हय की! पर माजी बैलं उनात हुती. मंडळीत बैलांची काळजी हिनंच केली की!"

हात तसाच राहिला माझा. त्या अख्ख्या महिन्यात माझ्या लेकीबद्दल चांगला शब्द बोललेला तो पहिला माणूस!

* * *

धाकट्याला घेऊन दवाखान्यात जायचं होतं. नाक्यावरचा टांगा केला. टांगेवाला कासीमचाचा, आमची ओळख म्हणजे भाड्यापुरती.

रूथ पुढे बसली. निघाल्यापासून तोंड चालू. घोड्याचं नाव काय, तो रविवारी सुट्टी घेतो का, त्याला स्वर्गात जागा आहे का, असेल तर त्याला टांगा लागेल का. आणि पुलाजवळ हिनं सरळ लगामालाच हात घातला! घोडा वळला उजवीकडे, आम्ही वळलो घोड्याबरोबर, आणि थेट एका माळणीच्या वांग्यांच्या पाटीसमोर उभे!

माळीण ओरडतेय, धाकटा रडतोय, मी पण रडायला लागले. भर रस्त्यात! "चाचा, माफ करा. ही पोर म्हणजे माझ्या जिवाला घोर आहे. आता बोर्डिंगातच टाकणार हिला."

चाचांनी घोडा सरळ केला. मग मागे वळून म्हणाले, "फिकर नक्को करो बाईसाब. मैं बाजार में घोडा देखता ना, तो पैले कान देखता. जो घोडा कान नै हलाता, उसकू मैं खरीदताच नै!"

रूथनं लगेच स्वतःच्या कानाला हात लावून बघितलं. तो हलत नव्हता. दवाखान्यापर्यंत बिचारी चिंतेत गप्प बसली. माझ्यासाठी तेवढंच खूप होतं.

* * *

आमच्या मिशन कंपाउंडच्या मागे तेलुगू विणकरांची गल्ली. सकाळी सकाळी तिथे सुताचा ताणा पसरायचे. काठ्यांवर लांबच्या लांब उभे धागे, त्यांना खळ लावायची, वाळवायचे, मग ते मागावर चढायचे. त्या वेळी गल्लीतून कुत्रंसुद्धा जपून जातं.

आमची रूथ मांजरामागे धावत गेली. मधूनच!

मी पोचले तोवर धागे तुटून लोंबतायत, मांजर कौलावर, आणि रूथ सुतात गुरफटून उभी. मी तिथेच तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. माझा राग तिच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. मारून झाल्यावर मीच ओट्यावर बसले आणि पदर तोंडाला लावला.

ताणा होता लक्ष्मव्वाचा. तिला मी फक्त येता-जाता बघितलेलं. म्हटलं, आता ही आपल्या सात पिढ्या उद्धारणार. ती आली, माझ्या शेजारी टेकली, म्हणाली, "एडवकु अम्मा, एडवकु." म्हणजे रडू नको. मग रूथला हाक मारली, समोर बसवली, दोन तुटकी टोकं तिच्या बोटांत दिली आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं.

तासभर! बायांनो, माझी पोरगी तासभर एका जागी बसली! जीभ बाहेर काढून एकेक गाठ मारत होती. मी डोळे चोळून बघितलं.

लक्ष्मव्वानं गाठीवरून बोट फिरवलं. "तुझा पोरगी लई बारीक गाठ मारतो. माझा सून असा मारत नाही." मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "उद्या पण पाठव. पण मांजर नको!"

* * *

आता शेळ्या.

आमच्यात पद्धत आहे. जोंधळे दळायला काढले की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. महिनाअखेर डबा मंडळीत न्यायचा. उपदेशकाच्या घरचा डबा भरलेलाच असायला हवा, नाही का?

महिनाअखेरीला डबा उघडला तर रिकामा! "रूथ!"

"शेळ्यांनी खाल्ले," ती म्हणाली. "पण आई, त्यांनी आधी मान खाली घातली होती."

आमच्या गल्लीतून एक धनगरीण शेळ्या घेऊन माळावर जायची. रूथ रोज एक मूठ त्यांना चारत होती. मी संतापले, पण ओरडायला अंगात जीव नव्हता. धाकटा तापानं फणफणलेला, तीन रात्री माझा डोळ्याला डोळा नाही. त्याच दुपारी ती धनगरीण दारात उभी, हातात दुधाचा तांब्या. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. बिराव्वा, हे नंतर कळलं.

"तुमचं जोंधळं माज्या शेरडांच्या पोटात गेलं. त्ये दूद घ्या ल्येकराला," म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "बाई, तुमी निजा जरा. पोरं मी बगते."

"अहो, पण तुमच्या शेळ्या?"

"त्या हितंच हायत की! निजा म्हनते न्हवं!"

मी आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले. उठले तर धाकट्याचा ताप उतरलेला, तो बिराव्वाच्या मांडीवर गाढ. आणि व्हरांड्यात नऊ शेळ्या ओळीनं उभ्या! पुढे रूथ, हातात माझी गीतांची वही, ती शेळ्यांचा संडे स्कूल घेत होती. पहिल्या ओळीतली शेळी वहीचं एक पान खात होती.

आणि फाटकात शामराव! वही त्यांच्याकडेही होती. ती कुणी खात नव्हतं, एवढाच फरक.

* * *

झालं. पंचांची कमिटी बसली. रूथनं जूनपासून बोर्डिंगात जावं, आईनं अर्ज करावा, अर्ज रजिस्टरनंच जावा. ह्यांना निरोप धाडला, तर उत्तर आलं, "तू म्हणशील ते. तुझ्या जिवाचे हाल मी बघतो आहे." नाही म्हणाले असते तर रागावता तरी आलं असतं! आता ठरवायचं माझ्यावर आलं.

मी अर्ज लिहिला. पोस्टात गेले. खिडकीत एक वयस्क कारकून. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं निम्मं कानडी. पाकीट घेतलं, पत्ता वाचला, माझ्या बोटाला धरलेल्या रूथकडे बघितलं.

"इल्ल अव्वा, नाही. आजचं टपाल गेलं."

टपालाची थैली त्यांच्या मागेच उघडी पडलेली! मी म्हटलं, असेल उद्याची. दुसऱ्या दिवशी गेले. "गेलं, अव्वा." तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला गेले. "आत्ताच गेलं."

मी चिडले. "अहो, थैली तर इथेच दिसतेय! रजिस्टर घ्यायचं नसेल तर तसं सांगा!"

त्यांनी चष्मा काढला. "अव्वा, पाकिटावरचं अक्षर बघा. थरथरलंय. मी तीस वर्षं पाकिटं बघतो. ज्या दिवशी हाच पत्ता सरळ हातानं लिहून आणाल, त्या दिवशी पहिल्या थैलीत टाकतो."

मी पाकीट परत आणलं आणि शुभवर्तमानाच्या पुस्तकात ठेवून दिलं. त्या दिवशी रस्ताभर मी रूथचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "आई, दुखतंय."

* * *

आणि मग पहिल्या पिकाचा सण!

रब्बीचे जोंधळे निघाले की आमच्या मंडळीत हा सण. शेतातलं, परसातलं जे पहिलं निघेल ते देवाला आणायचं. कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की सगळं कडुलिंबाखाली टेबलावर मांडायचं आणि लिलाव. लिलावाला शामराव. हातात शाळेची जुनी घंटा, आणि नियम एकदम कडक. "टेबलावर आलं ते विकलंच पाहिजे! बोली संपली की माल ज्याचा त्याचा! विकलेला माल परत घेतला जाणार नाही!"

आमचे हे फिरतीवरून आलेले, हातात दोन कोंबड्या. मी शुभवर्तमान छातीशी धरून. शामराव सकाळीच म्हणाले होते, "अर्ज अजून गेला नाही? लिलाव होऊ द्या. मग मीच नेतो."

लिलावाला गावातलं कुणीही यायचं. पण त्या दिवशी फाटकात बघते तर कासीमचाचा! लक्ष्मव्वा! बिराव्वा, सोबत एक शेळी! पोस्टातले कारकूनसुद्धा! रूथ घरोघर सांगून आली होती, "रविवारी या, कोंबड्या स्वस्त मिळतात!"

भोपळे गेले, अंडी गेली. शामरावांनी मोठी पाटी पुढे ओढली, वरची कणसं बाजूला केली, आणि आत रूथ! मांडी घालून, डोक्यावर जोंधळ्याचं कणीस खोचून!

"उतर खाली!"

"का? पाळकसाहेब म्हणाले, पहिलं पीक देवाला द्या. आईचं पहिलं पीक मीच की!"

सगळे हसले. शामराव तिला उचलायला वाकले, तोच मागून आवाज आला. मंगळवेढ्याचा तो म्हातारा. "पंच, टेबलावर आलं त्ये विकलंच पायजे. नियम तुमचाच हाय की!"

शामराव तसेच वाकलेले. फाटकातून कासीमचाचा ओरडले, "एक म्हयना टांगा फुकट! मंजूर?"

"चार साडी!" लक्ष्मव्वा उठून उभी. "माझा धागा कोण जोडणार?"

"ही शेळी घ्या!" बिराव्वानं शेळी टेबलापर्यंत ओढत आणली. "गाभण हाय!"

लोक हसून लोळतायत. मला हसू येईना. माझी पोर तिथे बसलेली, सगळं गाव तिला मागतंय, आणि मी एकटी तिला पाठवायला निघालेली! मी गर्दीतून पुढे गेले. शुभवर्तमानातून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"माझी बोली. हा अर्ज."

शामरावांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. हे दोन कोंबड्या धरून रडत होते.

"एक वार," शामराव म्हणाले.

कासीमचाचांनी दोन्ही हात वर केले. लक्ष्मव्वा खाली बसली.

"दोन वार."

बिराव्वानं शेळीला मागे ओढलं. "चल गं. आपलं काम न्हाय हितं."

पाटीतून रूथ मला कुजबुजली, "आई, शेळी जास्त होती गं!"

"तीन वार!" शामरावांनी घंटा अशी वाजवली की कोंबड्या उडाल्या. मग त्यांनी तो अर्ज उभा फाडला, आडवा फाडला, दानाच्या ताटात टाकला, आणि माझ्यावर डोळे वटारून अख्ख्या कंपाउंडला ऐकू जाईल असं गरजले,

"उचला तुमचा माल, बाई! आणि लक्षात ठेवा, परत आणलात तर घेतला जाणार नाही!"