विशेष कौशल्याचा रकाना

आमच्या शेजारच्या फोरमनला सगळा बस डेपो कानसेन म्हणायचा. इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो लोखंडाला टेकवी, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि डोळे मिटून आतलं दुखणं सांगे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी तो स्क्रूड्रायव्हर रोज तेलाचा हात देऊन पुसलेला असे.

त्याची बायको मात्र म्हणायची, "मास्तर, यांना इंजिनाची पोटदुखी ऐकू येते, दारावरची बेल नाही." आम्ही हसायचो. आमची तोंडं पाहून तोही हसायचा.

इंजिनिअरांच्या क्लबात त्याची वीस वर्षं ये-जा होती. जनरेटर बिघडला की त्याला बोलावणं येई. काम झालं की चहा, आणि खुर्ची मागच्या भिंतीला. डिग्री नाही, म्हणून सभासदत्व नाही. ते त्याला फार हवं होतं, शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिला बाक हवा असतो तसं. यंदा नियम बदलला: डिग्री नसलेला एक कारागीर घ्यायचा. फॉर्म मीच भरला. 'विशेष कौशल्य' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कानाने यंत्रपरीक्षा'. क्लब इलेक्ट्रिक बसचा कारखाना बघायला जाणार होता आणि परतीच्या वाटेवर अध्यक्ष सही करणार होते. गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून मीही गेलो.

कारखाना दवाखान्यासारखा स्वच्छ. जमिनीवर पिवळ्या रेघा, तेलाचा थेंब नाही. चाचणी विभागाच्या दारातला सुपरवायझर पाहून कानसेन थबकला. हा पूर्वी डेपोत त्याच्या हाताखाली होता. एका बसच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग गुणगुणतंय, असं कानसेन म्हणाला होता, तेव्हा हा म्हणाला, "उस्ताद, मला तर काही ऐकू येत नाही." त्यावर कानसेनने सगळ्या शेडसमोर सुनावलं, "कानात बोळे घातलेस का? ज्याला ऐकू येत नाही त्याने झाडू मारावा." तीन महिने त्याने खरंच झाडू मारला, मग नोकरी सोडली. हा किस्सा कानसेन मला रंगवून सांगत असे.

"या उस्ताद," सुपरवायझर म्हणाला. जिभेवर साखर होती. "अवजार आणलंय ना? ही गाडी जरा ऐका. चालू आहे. आमच्या लोकांना थांगच लागत नाही."

अध्यक्षांनी सेक्रेटरीला कोपर मारलं. "होऊन जाऊ द्या, कानसेन! परीक्षाच समजा."

कानसेनने कोटाच्या आतून स्क्रूड्रायव्हर काढला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला, टोक टेकवलं, डोळे मिटले. पंचवीस माणसं गप्प. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण मी पडलो मास्तर, मला काय कळतंय.

"आहे!" त्याचा चेहरा उजळला. "बारीक गुणगुण आहे. डाव्या अंगाला. बेअरिंग."

सुपरवायझरने मागचं झाकण उघडलं. आत मोटर बसवलेलीच नव्हती. टेप गुंडाळलेल्या चार वायरी लोंबत होत्या.

हशा छपराला लागला. "न जन्मलेल्या पोराचं रडणं ऐकलं!" सेक्रेटरी ओरडला. अध्यक्ष डोळे पुसत होते. खरं सांगायचं तर मीही हसलो.

कानसेन उठला नाही. त्याने टोक लोखंडावरून उचललं. मग मूठही कानापासून दूर धरली आणि तसाच ऐकत राहिला. गुणगुण थांबली नव्हती, हे मला त्याच्या तोंडावर वाचता आलं.

"अरे," त्याने मान वर करून विचारलं, "त्या गाडीला तरी होता का रे आवाज? गिअरबॉक्सला?"

सुपरवायझर त्याच्या कानाशी वाकला आणि बहिऱ्याला सांगावं तसा ओरडला, "नव्हता, उस्ताद! मी सांगितलं होतं!"

कानसेनने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, मूठ त्याच्याकडे करून. "ठेव तुझ्याकडे."

"इथे चालत नाही. हाय व्होल्टेज आहे, उघडं लोखंड आणायला बंदी." तो सरळ उभा राहिला. "आणि झाडूचं म्हणाल, तर तेही काम इथे मशीन करतं."

परतीच्या वाटेवर अध्यक्ष खुशीत होते. "द्या हो तो फॉर्म, कानसेन. करतो सही. एवढं हसवलंत आज!"

कानसेनने फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला आणि रकान्यावर बोट टेकवलं. "मास्तर, हे खोडा."

मी खोडलं. "मग काय लिहू?"

त्याला ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने विचारलं, तसे पुढच्या सीटवरचे दोघं वळून हसले.

"तुम्हीच बघा," तो म्हणाला. "काही असेल तर लिहा."

तळाशी छापलं होतं, 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.' क्लबचं दार येईपर्यंत मी पेन उघडं धरून बसलो. अध्यक्ष उतरून गेले, तेव्हा टोपण लावलं.