उद्यासाहेबांचं शेवटचं कोडं

चष्म्याच्या त्या दुकानात डोळे तपासायला गेलेल्या माणसाला आधी अक्कल तपासून घ्यावी लागे. गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसून हनुवटी यंत्रावर टेकवी, आणि दुकानदार दिवा लावायचं सोडून हात चोळत विचारत, "हं, सांगा बघू. खोलीत काळोख आहे. खणात काळे मोजे आणि पांढरे मोजे, सगळे एकत्र कालवलेले. एका रंगाची जोडी हवी. कमीत कमी किती मोजे उचलाल?"

"सगळेच उचलीन आणि उजेडात जाईन," गिऱ्हाईक वैतागून म्हणे. हनुवटी टेकलेली असल्यामुळे ते जरा बोबडं ऐकू येई.

दुकानदार मान मागे टाकून हसत. उत्तर तीन आहे. ते सांगायला एक श्वास पुरतो. पण ते म्हणत, "विचार करा. उत्तर उद्या."

चष्म्याचंही तसंच. आज देतो म्हटलेला चष्मा उद्यावर जाई, कारण आज कुणी तरी दुसरं कोडं सोडवत बसलेलं असे. त्यामुळे गल्लीनं त्यांचं नाव उद्यासाहेब ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा ते खूश झाले. त्यांनी त्यातला 'साहेब' तेवढा ऐकला होता.

जगातल्या माणसांचे उद्यासाहेबांनी दोन ढीग करून ठेवले होते. ज्यांना उत्तर येत नाही तो एक ढीग, आणि दुसऱ्या ढिगावर ते स्वतः. डॉक्टर, वकील, बँकेतले अधिकारी, सगळे पहिल्या ढिगात. "शिकलेला दगड" हा त्यांचा आवडता शब्द होता. ज्या माणसाला नदीपलीकडे लांडगा, शेळी आणि कोबी नेता येत नाही, त्यानं बँक कशी चालवावी, असं ते विचारत. आपण स्वतः ही उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानांवरून पाठ केली आहेत, याची त्यांना आठवणही उरली नव्हती. पाठ केलेलं फार दिवस तोंडात राहिलं की ते स्वतःचंच वाटायला लागतं.

घरात त्यांना सरळ प्रश्न विचारायची सोय नव्हती.

"अहो, वाढू का जेवायला?" बायको विचारी.

"मला भूक लागली आहे, हे तू कशावरून ठरवलंस?"

"घड्याळावरून."

"चूक. घड्याळ वेळ सांगतं. भूक सांगत नाही."

"मग भूक सांगेल तेव्हा हाक मारा," असं म्हणून ती स्वतःचं पान वाढून घेई. बाई शहाणी होती. दुकानातही पार्टिशनमागे बसून काचांच्या कडा घासणं, फ्रेमचे स्क्रू पिळणं, पुसून डबीत घालणं, हे सगळं तीच करी. काचा बसवायचं काम मात्र उद्यासाहेब गिऱ्हाइकासमोर स्वतः करत, कारण तेवढा वेळ गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नसे.

मुलगी लहान असताना आजोबा वारले. तिनं विचारलं, "बाबा, आजोबा कुठे गेले?" उद्यासाहेबांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "एक माणूस खोलीत जातो. दार एकच. तो बाहेर येत नाही, पण खोलीतही नसतो. कसं काय?" पोर रडायला लागली. त्यावर त्यांनी तिला एक हिंट दिली. आता ती दूर असते, संसारात आहे. फोन करते, आणि बाबांनी उचलला तर म्हणते, "आईला द्या."

एवढ्या सगळ्याचा त्यांना काही तोटा वाटत नव्हता, कारण त्यांच्याकडे चौकट होती. शहरातल्या पेपरच्या रविवार पुरवणीत, शब्दकोड्याच्या खाली, 'डोकं चालवा' नावाचं त्यांचं सदर कित्येक वर्षं येत होतं. वरच्या कोपऱ्यात त्यांचा काळ्या केसांचा फोटो, मधे कोडं, आणि तळाशी मागच्या कोड्याचं उत्तर उलटं छापलेलं. उद्यासाहेब ते पान दुकानाच्या काचेला आतून चिकटवत. त्या चौकटीबाहेर आपण काचा पुसणारा एक माणूस आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढंच एक उत्तर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्याच चौकटीवर घाला आला. पुरवणीला नवी संपादिका आली. वयानं त्यांच्या मुलीहून लहान. तिनं त्यांना बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली.

"काका, खरं सांगू? तुमच्या सदराबद्दल वाचकांचं एकही पत्र येत नाही. कोडी आता मोबाइलवर ढिगानं मिळतात."

"मोबाइलवर माहिती मिळते. बुद्धी नाही," उद्यासाहेब म्हणाले. 'काका' त्यांना झोंबलं होतं.

"तरी एक संधी घेऊ या. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवते. तुम्ही आणि वाचक. पण या वेळी विचारायचं त्यांनी, आणि सांगायचं तुम्ही. रंगलं तर सदर चालू. नाही रंगलं तर थांबू. चालेल?"

"विचारू देत की! मला अडवणारं कोडं अजून जन्माला यायचंय."

घरी येताना मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. इतकी वर्षं त्यांनी अख्ख्या शहराला विचारलं होतं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

तयारी दांडगी झाली. कोड्यांची सगळी पुस्तकं पुन्हा उघडली. पहिले तीन-चार शब्द कानावर पडताच उत्तर ओठांवर यायला हवं, असा सराव सुरू झाला. बायकोला समोर बसवून ते पुस्तक तिच्या हातात देत.

"एका लिफ्टमध्ये—" ती वाची.

"बुटका आहे! त्याचा हात वरच्या बटणाला पोचत नाही! पुढचं."

"अहो, मला पुरतं वाचू तरी द्या."

"वाचायचं काय त्यात? पुढचं!"

याच दिवसांत दुकानात एक नर्सबाई आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की झोपलेला पेशंट उठून बसावा. त्यांना वाचायचा नवा चष्मा हवा होता. उजवा डोळा जवळजवळ चांगला, डाव्याला मोठा नंबर. त्यांनी धातूची गोल फ्रेम निवडली. गोल फ्रेमची एक खोड असते. इतर फ्रेममध्ये ज्या बाजूची काच त्याच बाजूला बसते. गोल फ्रेम मात्र कुठलीही काच कुठेही घेते आणि तक्रार करत नाही.

काचा बसवता बसवता उद्यासाहेबांनी सुरू केलं, "दोन दारं. एकामागे सुटका, एकामागे वाघ. दोन पहारेकरी. एक कायम खरं बोलतो, एक कायम खोटं. एकच प्रश्न विचारायचा. काय विचाराल?"

"मी उजवीकडच्याला विचारीन—"

"इथेच लोक फसतात!" उद्यासाहेबांचे डोळे चमकले. बोटं आपोआप काच दाबत होती. "उजवा की डावा, याला काही महत्त्वच नाही हो!"

नर्सबाई चष्मा घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. "दूरचं नाही, जवळचंच म्हणते मी. पेपर हातात धरला की अक्षरं—"

"सवय होईल," उद्यासाहेब म्हणाले. त्यांच्या हातात पुस्तक होतं.

नर्सबाई पुन्हा आल्या. या वेळी उद्यासाहेबांनी दोन्ही काचा यंत्राखाली धरल्या. नंबर चिठ्ठीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. "एक लहान, एक मोठा. दोन्ही बरोबर आहेत. चष्म्यात दोष असूच शकत नाही. हे तर्कानं सिद्ध झालं."

"तर्कानं डोकं दुखतंय माझं."

पार्टिशनमागून बायको म्हणाली, "अहो, आणा इकडे. मी बघू का जरा?"

"तू कडा घास," उद्यासाहेब म्हणाले. आणि नर्सबाईंना म्हणाले, "पहारेकऱ्यांचं सुटलं का?"

नर्सबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. औषध थुंकणाऱ्या पेशंटकडे बघतात तसं. चष्मा पर्समध्ये टाकला आणि गेल्या.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. फुकट कार्यक्रमाला आणि पंख्याखाली माणसं येतातच. उद्यासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर बसले. बायको पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. संपादिका माइक घेऊन रांगांमधून फिरत होती.

सुरुवात झकास झाली. एकानं विचारलं, "बंद खोलीत एक बल्ब, बाहेर तीन—" आणि उद्यासाहेबांनी बटणं कधी लावायची, कधी बंद करायची आणि बल्ब हातानं कधी चाचपायचा, सगळं सांगून टाकलं. टाळ्या. दुसऱ्यानं नदी काढली, त्यांनी ती क्षणात ओलांडली. टाळ्या. तिसऱ्याचा तर प्रश्न काय होता, ते हॉलला कळलंच नाही. नुसतं उत्तर ऐकू आलं. मागून कुणी तरी म्हणालं, "साहेब, प्रश्न तरी होऊ द्या की!" लोक हसले. उद्यासाहेबांना ते कौतुक वाटलं. संपादिकाही हसत होती. चौकट वाचली, असं त्यांच्या मनात आलं.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. उद्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांना आठवत नसत. कुणाला काय आलं नाही, तेवढं आठवे.

"एक बाई आहे," त्या म्हणाल्या. माइकची त्यांना गरज नव्हती. "तिनं नवा चष्मा घेतला. तो सरळ घातला तर तिला वाचता येत नाही. उलटा धरला तर स्वच्छ वाचता येतं. का?"

उद्यासाहेबांनी मनातल्या मनात सगळ्या पुस्तकांची पानं उलटली. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"ती बाई माझ्या सदराचं उत्तर वाचते आहे! ते उलटं छापलेलं असतं!"

हॉल कोसळला. टाळ्या, शिट्टीसुद्धा. उद्यासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. नर्सबाईंना तिनं ओळखलं होतं.

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. "अक्षरं सरळ आहेत. उलटा आहे तो चष्मा."

"मग ती आरशात बघून वाचते."

"नाही."

"ती डोक्यावर उभी आहे."

"या वयात?" नर्सबाई म्हणाल्या, आणि आता हशा त्यांच्या बाजूला गेला.

"चष्म्याला... काचाच नाहीत."

"दोन आहेत. एक लहान नंबराची, एक मोठ्या. दोन्ही बरोबर. दुकानदारानं तर्कानं सिद्ध केलंय."

एव्हाना दुसऱ्या कुणीही उठून त्या बाईची माफी मागितली असती. उद्यासाहेब कपाळाला बोट लावून विचार करत बसले. खोटा विचार करायची त्यांना सवय होती, खऱ्याची नव्हती, त्यामुळे चेहरा कसा करावा ते कळेना. मागून आवाज आला, "उत्तर उद्या सांगा, साहेब!" आणि अख्खा हॉल ओरडला, "उद्या! उद्या!" उद्यासाहेबांना आपलं नाव पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं.

"कोडं सदोष आहे," ते म्हणाले. "माहिती अपुरी आहे."

"माहिती द्यायला मी दोनदा आले होते. तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत." नर्सबाईंनी पर्समधून डबी काढली. डबीवर उद्यासाहेबांच्याच दुकानाचं नाव होतं. गोल चष्मा त्यांनी उलटा करून, कानांवर राहीना म्हणून हातानं नाकावर धरला, आणि पुरवणी समोर घेऊन खड्या आवाजात वाचायला लागल्या: "डोकं चालवा."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, इतके लोक हसत होते.

बायको उठली. तिनं पर्समधून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, नर्सबाईंच्या हातून चष्मा घेतला आणि तिथेच खुर्चीच्या हातावर ठेवून दोन्ही स्क्रू सैल केले. उजवीकडची काच डावीकडे, डावीकडची उजवीकडे. पदरानं पुसून परत दिला.

"बघा बरं आता."

नर्सबाईंनी चष्मा सरळ घातला. पेपर पाहिला. "दिसतंय," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कार्यक्रम खरं तर फारच रंगला होता. संपादिका डोळे पुसत म्हणाली, "काका, इतकं मी वर्षभरात हसले नव्हते." मग म्हणाली, "पुढच्या रविवारचं शेवटचं द्या. निरोपाचं. आजचंच लिहा ना! उत्तरही त्याच्याच खाली छापू."

उद्यासाहेब घरी आले, जेवले नाहीत, आणि लिहायला बसले. कितीदा तरी कागद फाडले.

पुढच्या रविवारी दुकान उघडल्यावर बायकोनं पुरवणी काउंटरवर पसरली. पार्टिशनमागे उद्यासाहेब कडा घासत होते. नर्सबाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या होत्या आणि 'तपासतील तर बाईच तपासतील' असं त्यांनी दारातूनच बजावलं होतं. बायकोनं चौकटीतलं कोडं वाचलं. एक बाई, नवा चष्मा, सरळ घातला तर दिसत नाही, उलटा धरला तर दिसतं. शब्द न् शब्द तेच. मग पान फिरवून तिनं तळाचं उलटं उत्तर वाचलं.

'ती बाई डोक्यावर उभी होती.'

तिनं पान पुन्हा सरळ केलं. पार्टिशनमागची घासण्याची खरखर थांबली होती. तिकडे कुणी तरी कान देऊन बसलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "अजून नाही सुटलं तुम्हाला?"

पलीकडे खरखर पुन्हा सुरू झाली. तिनं नर्सबाईंच्या बहिणीची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि दिवा लावला.