घाम लावणारी

सेटवर तिला सगळे घामबाई म्हणत. कागदोपत्री ती रंगभूषाकार होती, पण खेळाच्या सिनेमात नटांना घाम आणावा तो तिनेच. बाटलीत ग्लिसरीन किती आणि पाणी किती, हे ती कुणाला सांगत नसे. पळणाऱ्याचा घाम मानेवरून ओघळतो, वजन उचलणाऱ्याचा कपाळावर दाणे धरून उभा राहतो, आणि हरणाऱ्याचा वरच्या ओठावर जमतो. हे सगळं तिला तोंडपाठ. स्वतः मात्र दुसरा मजला चढताना दोनदा कठड्याला टेकायची.

त्या दिवशी सकाळपासून तिचं कशात म्हणून लक्ष नव्हतं. धाकट्या भावाने पहाटेच फोटो पाठवला होता. उघडा दंड, टरारून फुगलेल्या शिरा आणि खाली मजकूर : "ताई, परवापासून पाण्याचा थेंब नाही. तुझा हीरो आता माझ्यापुढे पाणी भरेल!" आधी तिला हसू आलं. चहा होईपर्यंत हसू गेलं आणि तिने फोटो पुन्हा उघडून पाहिला.

भावाला आज अग्निशमन दलाच्या भरतीत पळायचं होतं. मैदानाला चार फेऱ्या, सात मिनिटांच्या आत. दोन वर्षं तो थोडक्यात हुकला होता आणि पुढच्या महिन्यात त्याची वयोमर्यादा संपत होती. तीन आठवड्यांपूर्वी तोच जेवताजेवता म्हणाला होता, "तुमचा तो हीरो तीन महिन्यांत एवढा कसा झाला गं? मलाही काहीतरी आण ना तसलं."

बाईसाहेबांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने हीरोच्या ट्रेनरकडून खाण्यापिण्याचा तक्ता मिळवला आणि "हे बाहेर कुणाच्या दृष्टीला पडत नाही हं," असं म्हणत भावाच्या हातात ठेवला. त्याने तो कपाटाच्या दाराला चिकटवला. तक्त्याची शेवटची ओळ होती : शेवटचे दोन दिवस मीठ बंद, पाणी बंद.

तो तक्ता पळण्यासाठी नव्हताच मुळी. तो होता कॅमेऱ्यासमोर शर्ट काढण्यासाठी. पाणी तोडलं की कातडी आक्रसते, शिरा वर येतात आणि माणूस पडद्यावर पोलादी दिसतो. त्या दिवशी त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायचं त्राण नसतं, ही गोष्ट वेगळी. हातातल्या वजनाच्या चकत्याही लाकडी, वरून काळा रंग फासलेल्या. बावीस वर्षं हे सगळं बघत आलेल्या बाईने त्यातलं अवाक्षर भावाला सांगितलं नव्हतं.

"ॲक्शन!" दिग्दर्शक ओरडला. हीरो पाच पावलं पळाला. "कट!" लगेच दोघं खुर्ची घेऊन धावले. घामबाई बाटली घेऊन पुढे झाली, तेव्हा तो पुटपुटला, "बाई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. जरा धरा मला."

हे वाक्य तिने दर सिनेमात ऐकलं होतं. आज तिचा हात थांबला. घड्याळात पावणेनऊ. भावाची पाळी साडेनऊला. तिने फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मैदानावर फोन काढून घेतात, हे तिला आठवलं.

"बाई, पाठ राहिली!" सहायक ओरडला.

"राहू दे!" तिने बाटली हीरोच्याच हातात कोंबली. "मारून घ्या तुमचं तुम्ही!"

टॅक्सी मैदानाच्या अलीकडच्या चौकात अडकली. चालक म्हणाला, "दोन मिनिटं थांबा." तिला अर्धं मिनिटही थांबवेना. ती उतरली आणि चपला हातात घेऊन पळत सुटली. लोक बघत होते. बघेनात का.

ती मैदानाभोवतीच्या दोरापाशी पोचली तेव्हा भावाची तिसरी फेरी चालू होती आणि तो चक्क पाचवा होता. क्षणभर तिला वाटलं, उगाच जिवाचं रान केलं आपण. मग तो समोरून गेला. पुढच्या चौघांचे शर्ट पाठीला चिकटले होते, चेहरे निथळत होते. ह्याचं कपाळ मात्र ठणठणीत कोरडं. तिने आयुष्यभर कपाळंच पाहिली होती. पळणाऱ्या माणसाचं असं कपाळ तिने कधीच पाहिलं नव्हतं.

"थांब रे! पाणी पी!" ती किंचाळली. त्याने तिच्याकडे पाहून अंगठा वर केला.

शेजारी पाटी होती : बाहेरच्या व्यक्तीने उमेदवाराला स्पर्श केल्यास उमेदवार बाद. तिने ती वाचली. पुन्हा वाचली. चौथ्या फेरीत तो तिसरा आला, पण पाय वाकडेतिकडे पडायला लागले होते. अर्धी फेरी उरली होती आणि घड्याळात दीड मिनिट. जमलं असतं त्याला, कदाचित. ती दोराखालून आत घुसली आणि तिने त्याला कमरेला मिठी घातली.

"सोड! ताई, सोड! एवढंच राहिलंय!" त्याने तिला ढकललं. अंग इस्त्रीसारखं तापलं होतं. मग त्याचे गुडघे दुमडले आणि दोघं धुळीत बसली. फेऱ्या मोजणाऱ्या वहीवाल्याने शांतपणे त्याचा नंबर खोडला.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." डॉक्टर तसं सगळ्यांनाच म्हणतात. तिचा मात्र तेवढ्यानेही जीव भांड्यात पडेना.

दुपारी भावाने डोळे उघडले. त्याने विचारलं, "मग तो हीरो कसा पळतो गं?"

"पळतो कुठला? पाच पावलं टाकतो. मग खुर्ची आणतात."

"आणि ती वजनं?"

"लाकडाची."

"तुला तेव्हा माहीत होतं हे?"

तिच्या अंगातून सकाळपासूनची तगमग एकदाची निघून गेली आणि तिच्या जागी नुसती लाज उरली.

"होतं," ती म्हणाली. "तू आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. मला तुझ्यापुढे मोठं व्हायचं होतं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सांगायला विसरले म्हणाली असतीस तरी चाललं असतं, ताई."