टाकीची डावी बाजू

हमीदचाचा माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. मोटरसायकल टपरीसमोर उभी राहिली की पुढे येत, पेट्रोलच्या टाकीवरच्या कंपनीच्या पट्ट्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवत आणि मगच सलाम घेत. नख अडकलं तर पट्टा रंगाच्या वर चिकटवलेला, म्हणजे निघणार. नख सरळ घसरलं तर पट्ट्यावरून लॅकर मारलेलं. मग ते हात पुसत. "ह्याच्यावर काच हाय, भाऊ. रंगासकट येईल. न्हाई जमायचं." पुढे गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी ते गाडीला बोट लावत नसत.

मिरजगावात हायवेला त्यांची पत्र्याची टपरी होती. नंबरप्लेटी, रेडियमची नावं, ट्रकच्या मागचे डोळे असलं सगळं ते करत. पण नाव होतं ते कंपनीचे स्टिकर काढण्यासाठी. नव्या गाडीचे पट्टे काढून आपल्या आवडीचे लावायची तरुणांना भारी हौस. चाचा म्हणायचे, "कंपनीनं नटवून पाठवलीय, तुला उघडी का करायचीय रं?" असं म्हणायचे आणि करायचेही, पण एका वेळी एकच बाजू. "आठ दिस अशीच फिरव. पटलं तर दुसऱ्या बाजूला ये." अर्धवट भादरलेल्या बोकडासारखी गाडी घेऊन गावात कसं हिंडायचं, म्हणून लोक चिडायचे. चाचा ढिम्म. "एकदा निघालेलं परत लागत न्हाई," एवढंच सांगायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तो दत्ताची गाडी घेऊन. दत्ता माझा धाकटा भाऊ. दिवाळीनंतर एका दुपारी रानात त्याच्या छातीत कळ आली आणि नगरला पोचेपर्यंत सगळं संपलं. मी शाळामास्तर. माझी स्कूटर मोडीत निघालेली, म्हणून त्याची गाडी वापरू लागलो. लाल टाकी, तिच्यावर दोन्ही बाजूंना रुंद पांढरा पट्टा.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणूस ओळखू येत नाही, पण तो पट्टा तेवढा तिला दिसतो. संध्याकाळी मी घराशी आलो की ओट्यावर बसलेली ती उठायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरायची. दत्ता रानातून आला की ती असंच करायची. मी लांबूनच "आई, मी आहे" म्हणून ओरडायचो, पण गाडीच्या आवाजात तिला ऐकू जायचं नाही. जवळ गेलो की तांब्या धरून नुसती उभी राहायची. एके दिवशी तिची पायरी चुकली. गुडघा फुटला, कपाळाला खोक पडली. पुढच्या वेळी कंबरच मोडली असती. पट्टा काढून टाकायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं. त्यात दुःखबिःख काही नव्हतं. त्या महिन्यांत मला काही वाटतच नव्हतं. गळका नळ बदलावा, तसं ठरवलं.

आधी मीच प्रयत्न केला. स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि डाव्या बाजूला पट्ट्याखाली घातलं. पट्टा हलला नाही, टाकीवर मात्र बोटभर ओरखडा उठला. चाचांचं नख त्या ओरखड्यावर येऊन थांबलं.

"गुरुजी, ह्यो वार कशाचा?"

"उलथन्याचा."

"या अल्ला! टाकी हाय का थालीपीठ?"

हसू यायला हवं होतं. आलं नाही. तेव्हा चाचांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुनाची?" मी सगळं सांगितलं. ते दोन शब्द सांत्वनाचे बोलतील, मला मान डोलवावी लागेल, याची मी तयारी ठेवली होती. तसलं ते काही बोलले नाहीत.

"तुमी घरी येताना आईला कंची बाजू दिसती?"

"डावी. घर डाव्या हाताला आहे."

"मग डावीच घेऊ आधी."

गाडी उन्हात उभी करून त्यांनी टाकी तापू दिली. मग उकळत्या पाण्यात भिजवलेला टॉवेल पिळून पट्ट्यावर दाबून धरला. कोपरा नखानं उचलला आणि मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून पट्ट्याखालून करवतीसारखा सरकवत नेला. हातानं ओढत नव्हते. "वढलं की तुटतं. त्येला सुटू द्यायचं." पट्टा अख्खा सुटून आला. उरलेला डिंक खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसला.

पट्टा गेला तरी त्याची जागा काही गेली नव्हती. बाकीची टाकी उन्हानं विटलेली, आणि पट्ट्याखालचा लाल रंग मात्र दत्तानं गाडी आणली त्या दिवसाइतका ताजा. "ह्ये मला न्हाई जमायचं, गुरुजी," चाचा म्हणाले. "ह्ये उनाचं काम हाय, उनच करंल. आईला न्हाई दिसायचं."

त्यांचं खरं ठरलं. त्या संध्याकाळी मी ओट्यापुढे गाडी थांबवली तरी आई बसूनच होती. "कोन हाय?" म्हणाली. "मी, आई." "आलास व्हय," म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. आठही दिवस असंच झालं.

आठ दिवसांनी नियमाप्रमाणे परत गेलो. चाचांनी पाणी तापायला ठेवलं. "आई उतरती का अजून पायरी?"

"नाही."

"झ्याक. घ्या गाडी उनात."

मी जागचा हललो नाही. मग सांगून टाकलं. सकाळी शाळेला निघताना तिला उजवी बाजू दिसते. पांढरा पट्टा दिसला की हात वर करते आणि म्हणते, "दत्ता, हळू जा रं."

"बसल्या जागंवरनं?"

"हो."

"उठत न्हाई?"

"नाही."

चाचांनी स्टोव्ह बंद केला. "मग पडायची भीती न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ती बाजू." आणि टॉवेल दोरीवर टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे वळले.

त्या उन्हाळ्यात चाचा झोपेतच गेले. मी मय्यतीला गेलो. पंचक्रोशीतले लोक आले होते, त्यांचा मुलगा भिंतीला टेकून रडत होता. माझ्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. आपल्या आत काहीतरी बिघडलंय, असं वाटून मी गाडीपाशी येऊन उभा राहिलो. किल्ली काढायच्या आधी माझं नख आपोआप उजव्या पट्ट्याच्या कडेवरून फिरलं. अडकलं. म्हणजे अजून निघू शकतो.

डावी बाजू आता विटून सारखी झाली आहे. उलथन्याचा ओरखडा तेवढा दिसतो. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा कोणी उठत नाही, तांब्या मीच भरून घेतो. माझ्याच मनासारखं झालंय, तक्रार कुणाकडे करणार? पण मनाला लागतं ते. एवढं एकच लागतं.

सकाळी गाडी वळवली की ओट्यावरून हात वर होतो. "दत्ता, हळू जा रं."

सुरुवातीला मी गप्पच निघून जायचो. हल्ली "व्हय आई" म्हणतो, आणि वळणापर्यंत हळू जातो.